गहाण पडलेले बालपण

(नाशिक येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आजचे हे पुष्प गुंफावयाचे आहे, त्यांच्या कुटुंबीयांनी मला एकच अट घातली आहे, की त्यांचे गुणवर्णन करू नये, एखादा विषय घेऊन बोलावे. आणि हयातभर प्राथमिक शाळेच्या हजेरीपटावर नजर ठेवून बसलेल्या माणसाच्या स्मृतीला साजेल असा विषय शोधू लागलो, तेव्हा या शहरापासून मोटारीने तासाभराच्या वाटेवर घडलेल्या एका घटनेपाशी मन पुनःपुन्हा जाऊन थांबले. वकिलीच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला भावनेपेक्षा कागद अधिक बोलका वाटतो. तेव्हा आज मी बहुतेक कागदांविषयीच बोलेन, आणि वसंत ऋतूच्या संध्याकाळी काव्यशास्त्रविनोदाच्या अपेक्षेने येथे जमलेल्या रसिकांची त्याबद्दल आगाऊ क्षमा मागतो.

२०२२ सालच्या ऑगस्टअखेरीस इगतपुरी तालुक्यातील उभाडे गावाच्या कातकरी वस्तीवर, सुमारे दहा वर्षांची एक मुलगी आपल्या आईबापांच्या झोपडीबाहेर मरणासन्न अवस्थेत आढळली. ती तेथे चालत आलेली नव्हती; तिला आणून टाकलेले होते. नाशिकच्या रुग्णालयात सप्टेंबरच्या प्रारंभी तिचा अंत झाला. तिचे नाव मी सांगणार नाही; कायदा ते सांगू देत नाही, आणि तो देता तरी मी सांगितले नसते. घोटी पोलिसांत फिर्याद दाखल झाली, जाबजबाब सुरू झाले, श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांतून विचारपूस केली, आणि मग हळूहळू उघड झाले ते असे, की ही मुलगी बराच काळ शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मेंढपाळाकडे राबत होती; ती एकटी नव्हती; आणि काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंतची रक्कम व वर एखादे मेंढरू एवढ्या मोबदल्यात कातकऱ्यांची सहा-सात वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची मुले मेंढ्यांमागे धाडण्याचा शिरस्ताच त्या भागात पडून गेला होता. परत आलेल्या मुलांनी सांगितलेली हकिगत थोड्याबहुत फरकाने एकच आहे: पहाटेच्या अंधारात उठावयाचे, वाघरातील लेंड्या काढावयाच्या, पाणी वाहावयाचे, दिवसभर कोकरे राखावयाची, आणि एखादे कोकरू हरवले की मार खावयाचा.

आता कोणी असे म्हणेल, आणि त्या दिवसांत पुष्कळांनी म्हटलेही, की आपल्या पोटची पोर विकणारे ते आईबाप तरी कसले! हा उद्गार स्वाभाविक आहे. परंतु ज्याला आवणी, वीटभट्टी आणि उचल या तीन शब्दांचा परस्परसंबंध ठाऊक आहे, त्याच्या तोंडून तो सहसा निघणार नाही. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैरापासून काथ काढणे हा त्यांचा मूळचा उद्योग, ज्यावरून त्यांना नाव पडले. जंगल राखीव झाले तसा तो बुडाला, आणि कोळशाच्या भट्ट्या, विटांच्या भट्ट्या व दुसऱ्याचे बांध एवढेच त्यांच्या हाती उरले. झोपडी उभी असते ती बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर; सातबाऱ्यावर नाव नाही, पुष्कळदा शिधापत्रिका नाही, जातीचा दाखला नाही, मुलाच्या जन्माची नोंद नाही. भाताची आवणी संपली, हाताला काम राहिले नाही, दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या भट्टीच्या मालकाची उचल आधीच खाऊन झालेली आहे, आणि घरात कोणी आजारी पडले वा मयत झाले, की जो इसम रोकड पुढे करील तो देवमाणूस ठरतो. तो मूल ‘विकत’ मागत नाही. आमच्याकडे राहील, खाईल-पिईल, कोकरे राखील, वर्षाअखेर तुम्हाला मेंढरू देऊ, असे म्हणतो. या व्यवहाराचा कागद होत नाही, म्हणून त्याला मुदतही नसते. आणि न्यायाने बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे, की जो मेंढपाळ ते मूल नेतो तो स्वतः काही गब्बर सावकार नसतो. त्याचीही मुले मेंढ्यांच्या वाड्याबरोबर रानोमाळ भटकतात आणि शाळेच्या पटावर नुसती नावाला असतात. दारिद्र्याने दारिद्र्याला दिलेले हे कर्ज आहे, आणि तारण म्हणून ठेवलेली वस्तू मात्र बोलू शकत नाही. या उलगड्याने मारणाऱ्याचा गुन्हा तिळमात्र कमी होत नाही. परंतु नुसत्या मारणाऱ्याला तुरुंगात घातल्याने हा शिरस्ता मोडेल, ही समजूत भाबडी आहे.

हा व्यवहार बेकायदा आहे हे आपल्याला २०२२ साली कळले, असे तर नाही ना? १९३३ सालच्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळाने एक चिमुकला कायदा केला होता. व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मजूर आयोगाला विड्यांच्या व गालिच्यांच्या कारखान्यांत आईबापांनी उचल घेऊन अडकवून ठेवलेली मुले आढळली होती. त्या आयोगाच्या शिफारशीवरून पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम गहाण टाकण्याचा कोणताही करार रद्दबातल ठरविण्यात आला. शिक्षा काय होती? गहाण टाकणाऱ्या पालकास पन्नास रुपयांपर्यंत दंड, आणि गहाण घेणाऱ्यास वा अशा मुलाला कामावर ठेवणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत. आज या रकमा वाचून हसू येईल. पण सरकारने मुलाच्या बाजूने उभे राहून बापाच्या सहीला किंमत नाही असे म्हणावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आणि योगायोग असा, की त्याच १९३३ च्या त्याच फेब्रुवारी महिन्यात, याच नाशिकच्या तुरुंगात, साने गुरुजी पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून पुरी करीत होते. मराठी माणसाने बालपण म्हणून जे काही हृदयाशी धरले, ते या गावच्या बराकीत कागदावर उतरले. आणि ज्यांच्या वाट्याला ते बालपण येणार नव्हते, त्यांच्यासाठी त्याच महिन्यात दिल्लीच्या दप्तरातून एक कागद निघाला. पहिला कागद आपण घरोघर वाचला. दुसऱ्याची अंमलबजावणी कोणत्या तालुक्यात किती झाली, हे मी नाशिक जिल्ह्यातल्या माझ्या व्यवसायबंधूंना अधूनमधून विचारीत असतो. त्या कायद्याचे नाव ऐकलेला वकील मिळणेही दुरापास्त आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा त्या मानाने पुष्कळ भक्कम. त्याने कर्जच नाहीसे केले, मुक्ततेची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली, जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या नेमावयास सांगितले. म्हणजे उभाड्याची पोर मेली तेव्हा तिच्या रक्षणासाठी देशात जवळजवळ नव्वद वर्षे कायदा होता.

मग चुकले कोठे? माझ्या मते मुलाचे निरागसपण म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, त्याच्या मुळाशी एकच गोष्ट असते, आणि ती म्हणजे आपण दिसेनासे झालो तर कोणीतरी मोठे माणूस आपल्याला शोधावयास येईल ही खातरी. लपंडाव खेळणारे मूल हसते ते या खातरीच्या बळावर. जगातली वाईट बातमी मुलाच्या कानी पडली म्हणून त्याचे बालपण सरते, असे मला वाटत नाही, जरी सुखवस्तू घरांतून हल्ली तेवढ्याच गोष्टीचा बंदोबस्त फार कसोशीने करण्यात येतो. बालपण सरते ते ही खातरी तुटते त्या क्षणी. वाड्यावरची ती मुले पहिल्या आठवड्यात वाटेकडे डोळे लावून बसली असतील, आणि मग एके दिवशी बसावयाची थांबली असतील. मुलावरील हिंसेचा विचार करावयाचा तर तो तेथून केला पाहिजे. काठी नंतर येते.

हे स्थळ पंचवटीच्या सान्निध्यातले आहे, तेव्हा एका जुन्या कथेची आठवण करून देणे अप्रस्तुत होणार नाही. विश्वामित्र राक्षसांशी लढावयास रामाला मागू आले, तेव्हा दशरथाने पहिली हरकत घेतली ती वयाची. माझ्या मुलाला अद्याप सोळावे वर्ष पुरे झालेले नाही, असे तो राजा ऋषीच्या शापाची भीती असताना, भर दरबारात म्हणाला. वसिष्ठांनी त्याचे मन वळविले ही गोष्ट निराळी. परंतु वाल्मीकींनी ती हरकत नोंदवून ठेवली, आणि मुलाच्या वयाला काही एक मर्यादा असून ती बोलून दाखविण्याचा अधिकार बापाला आहे, हा विचार आपल्याकडे पश्चिमेहून आला असे म्हणणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. अधिकार गाजविण्याची ताकद मात्र राजाकडे होती, कातकऱ्याकडे नाही. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यासाठी केवढा गदारोळ माजला, आणि आपल्याच जिल्ह्यात निफाडला जन्मलेले न्यायमूर्ती रानडे त्या वादात कोणत्या बाजूला होते, हे येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. त्यांचे स्वतःचे दुसरे लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी झाले होते, हेही श्रोत्यांना ठाऊक आहे; सुधारणेचा इतिहास असाच अडखळत चालतो.

आता या जिल्ह्याशी निगडित असलेल्या दुसऱ्या प्रकरणाकडे वळतो. ते आपण सर्वांनी ऐकले आहे, कारण ते भीषण होते. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, या १९९० पासून १९९६ पर्यंत देवळांतून, जत्रांतून, एस. टी. स्टँडांवरून लहान मुले पळवीत होत्या. खिसे कापताना कडेवर मूल असले म्हणजे लोक संशय घेत नाहीत, आणि पकडले गेलेच तर मूल रडवून गर्दीची दया मिळविता येते, एवढ्यासाठी. मूल नकोसे झाले, फार रडू लागले, की त्याचा जीव घेत. तेरा मुलांच्या अपहरणाचा आणि त्यांतील बहुतेकांच्या हत्येचा आरोप त्यांच्यावर होता. अंजनाबाई खटल्यापूर्वीच मेली. रेणुकेचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली दोघी बहिणींना फाशी फर्मावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला. आणि २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले; कारण काय, तर दयेच्या अर्जाचे कागद सरकारी टेबलांवर जवळजवळ आठ वर्षे पडून राहिले होते. दप्तरदिरंगाईमुळे मेलेली मुले या देशात पुष्कळ आहेत. दप्तरदिरंगाईमुळे वाचलेल्या मारेकरणींचे हे उदाहरण त्यांच्याशेजारी ठेवण्याजोगे आहे.

त्या प्रकरणावर लोक फाशीविषयी बोलतात. मला त्यातील आरंभ अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलापासून हे सत्र सुरू झाले ते कोल्हापुरातील एका भिकारणीचे मूल होते. भिकारणीचे मूल हरवले, तर ती कोणत्या ठाण्यात जाणार, आणि गेली तर अंमलदार तिची फिर्याद कोणत्या वहीत लिहिणार? निरनिराळ्या गावी मुले नाहीशी होत गेली, आणि एका जिल्ह्याचा कागद दुसऱ्या जिल्ह्याच्या कागदाला भेटला नाही. सहा वर्षे. छडा लागला तो आपल्या नाशिकला, आणि तो पोलिसी यंत्रणेच्या सूक्ष्म तपासामुळे लागला असे म्हणणे धाडसाचे होईल. मुलगी नाहीशी झालेल्या एका आईने आपला संशय सोडला नाही, तिची दुसरी मुलगीही धोक्यात आहे हे तिने ओळखले, आणि ती गप्प बसली नाही, म्हणून लागला. कोणीतरी शोधावयास आले, तेव्हा ते सत्र थांबले. त्याच १९९६ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, संकटातल्या मुलांसाठी १०९८ या दूरध्वनी क्रमांकाची योजना प्रयोगादाखल सुरू झाली. मूल स्वतःच हाक मारू शकेल, अशी ती पहिली सोय.

श्रोतेहो, ही दोन्ही प्रकरणे आपल्या घरांपासून दूरची आहेत असे वाटून जर कोणी निश्चिंत झाला असेल, तर त्याला थोडे अस्वस्थ करणे माझे कर्तव्य आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांना प्रत्यक्ष विचारून एक अहवाल सिद्ध केला. त्या राज्यांत महाराष्ट्रही होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचे सांगितले, आणि त्यांतील पुष्कळांना मारणारे हात आईबापांचेच होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाची हकिगत दिली. छळणाऱ्यांपैकी निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले. ज्याने शोधावयास यावयाचे, त्याच्यापासूनच लपावे लागत असेल, तर त्या मुलाने जावे कोठे?

येथे मघाच्या पुस्तकाकडे क्षणभर परत जावे लागते. श्याम पोहावयास भिऊन लपून बसतो आणि त्याची आई त्याला मारीत विहिरीकडे धाडते, हा प्रसंग आपल्या पिढीने डोळ्यांत पाणी आणून वाचला, आणि त्यातून मारात माया असते हे सूत्र आपण फार सोयीस्करपणे उचलले. त्या आईने नंतर त्याच्या वळांना तेल लावले, तिचे स्वतःचे मन पोळले, हा अर्धा भाग शाळामास्तरांच्या आणि संतापी बापांच्या स्मरणात राहिला नाही. साने गुरुजींच्या पुस्तकाचा यात काही दोष नाही, वाचणाऱ्यांचा आहे. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केली, तरी ‘दोन ठेवून दिल्याशिवाय पोर वठणीवर येत नाही’ हे वाक्य पालकसभेत आजही मान डोलावून ऐकले जाते. आणि २०१२ च्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने तर याहून कठीण गोष्ट केली: असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे, न कळविल्यास तो स्वतः शिक्षेस पात्र आहे. घराण्याच्या अब्रूसाठी काकाचे किंवा शेजाऱ्याचे नाव गिळून टाकणारी आजी कायद्याच्या नजरेत नुसती भित्री नाही, दोषी आहे. मी स्वतः पाहिलेल्या खटल्यांतून फितूर झालेले साक्षीदार बहुतेक मुलाच्या नात्यातलेच असत.

मूल सापडते तेव्हा काम संपत नाही, सुरू होते, हे सांगून मग मी थोडक्यात आटोपते घेतो. मेंढ्यांमागून सोडवून आणलेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढे उभे करतात. प्रांताधिकाऱ्यांनी चौकशी करून त्याला मुक्ततेचा दाखला द्यावयाचा असतो. आणि तो दाखला मिळाला तर केंद्राच्या पुनर्वसन योजनेप्रमाणे त्या मुलाला दोन लाख रुपये मिळू शकतात. तातडीची थोडी रक्कम आधी, उरलेली मोठी रक्कम आरोपीला शिक्षा झाल्यावर. या शेवटच्या अटीकडे कृपा करून लक्ष द्या. ज्या खटल्याचा निकाल लागावयास दहा-दहा वर्षे जातात, ज्यात साक्षीदार कातकरी आणि आरोपी त्याच्याहून थोडा बरा, त्या खटल्याच्या निकालावर आठ वर्षांच्या मुलाचे जेवण आणि शाळा टांगून ठेवणे हे कोणत्या बुद्धीचे लक्षण आहे? मधल्या काळात उचल तशीच असते, दिवाळी येते, भट्टी पेटते, आणि दाखला हातात घेतलेले कुटुंब पुन्हा ट्रकमध्ये चढते. मुलाबरोबर त्याच्या घराचे कर्ज सुटले नाही, तर सुटका ही पुढच्या गहाणापर्यंतची सवलत ठरते. शिधापत्रिका, जातीचा दाखला, घराखालची जागा आणि वसतिगृहातला प्रवेश या चार गोष्टी सहा महिन्यांत एकाच अधिकाऱ्याने एकाच वहीत लावून दिल्या, तर दंडाच्या दहा कलमांहून त्यांचा उपयोग अधिक होईल, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. आणि त्याला नवा कायदा लागत नाही, एका मामलेदाराची मर्जी आणि पाठीमागे लागणारी चार माणसे लागतात.

सिंहस्थ जवळ येत आहे. २०२७ साली या नदीकाठी जी गर्दी लोटेल, तीत हरवणारी मुले असतील, भीक मागावयास आणलेली मुले असतील, चहाच्या टपऱ्यांवर आणि तंबूंच्या मागे राबणारी मुलेही असतील, आणि कडेवरचे मूल त्या बाईचे स्वतःचे आहे की काय, असा प्रश्न विचारण्याचा धीर फार थोड्यांना होईल. रस्ते, घाट आणि पूल यांची तजवीज चालू आहे. या मुलांची नोंद कोणत्या वहीत व्हावयाची आणि ती वही कोणाच्या ताब्यात असावयाची, हेही आताच ठरले पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळ जण इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतून येथे आलेले आहेत, काहींची शेती तेथे आहे, काहींच्या द्राक्षबागांत त्या वस्त्यांवरचे मजूर येतात. प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बालसंरक्षण समिती असावयास हवी, आणि अंगणवाडी सेविका तिची सचिव असते. येत्या ग्रामसभेला जा आणि दोनच प्रश्न विचारा: ही समिती शेवटची केव्हा बसली, आणि शाळेच्या पटावर नाव असूनही गेल्या दिवाळीपासून गावात न दिसलेली मुले कोणती? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याची नक्कल मागून घ्या.